मोठेपणी दातांना तारा: गोव्यातल्या नवख्यांसाठी पहिल्या तपासणीपासून रिटेनरपर्यंत

तिशी-चाळिशी उलटलेल्या माणसाने दातांना तारा लावायचे मनात आणले की घरातून पहिला प्रश्न येतो, "आता ह्या वयात?" फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठेही राहा, हा प्रश्न चुकत नाही. त्याचे सरळ उत्तर असे की दात सरकायला वयाची अट नसते. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचे एक पातळ अस्तर असते आणि दात त्यात बसलेला असतो. हलका पण सतत दाब मिळाला की पुढच्या बाजूचे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि मागे सुटलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. दहाव्या वर्षी हे जसे घडते तसेच पन्नासाव्या वर्षीही घडते. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर धरून चाला. म्हणजे दीड-दोन वर्षांचे काम, गुंतागुंत असेल तर अधिक.

मग मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्ये फरक काय? एक म्हणजे जबड्याची वाढ थांबलेली असते. वाढत्या वयात जबड्याला थोडे वळण लावता येते, पुढे ते जमत नाही. जबडाच खूप पुढे किंवा मागे असेल तर मोठेपणी कधी शस्त्रक्रियेची जोड लागते, नाहीतर दातांच्या मांडणीतून तो दोष जितका झाकेल तितका झाकायचा. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्या माणसाच्या तोंडात बरेच काही आधीच होऊन गेलेले असते. कुठे चांदी भरलेली, कुठे रूट कॅनल करून कॅप बसवलेली, कुठे दाढ काढल्यावर जागा तशीच राहिलेली, आणि हिरड्या वर्षानुवर्षे दुर्लक्षित. मी चाळिशीत तारा लावून घेतल्या. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारायला येतात ते बहुतेक "कुठली तार चांगली?" असे. मी त्यांना आधी हिरड्यांबद्दल विचारते.

आधी हिरड्या

तारांचा विचार करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन दात साफ करून घ्या आणि हिरड्यांची नीट तपासणी मागा. नीट म्हणजे बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून खोली मोजायची. एक ते तीन मिलिमीटर खोली असेल तर ठीक. चार किंवा त्याहून जास्त असेल, बोट लावताच रक्त येत असेल किंवा दात हलत असतील, तर आधी हिरड्यांवर उपचार झाला पाहिजे. सूज असलेल्या हिरडीत दात ओढायला घेतले तर हाड झपाट्याने खाली जाते. भुसभुशीत मातीत रोवलेला खांब दोरीने ओढल्यावर जे होईल तेच दाताचे होते. उपचारानंतर हिरड्या शांत झाल्या, रक्त थांबले, की थोडे हाड कमी झालेल्या माणसालाही तारा लावता येतात. त्यात दोन-तीन महिने गेले तर जाऊ द्या.

ह्याच टप्प्यात कीड भरून घ्यायची आणि जुन्या रूट कॅनलच्या मुळाशी काही दुखणे लपलेले नाही ना हे एक्स-रेवर पाहून घ्यायचे. दाढ गेली आहे म्हणून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचे ठरवले असेल तर थांबा आणि आधी तारांच्या डॉक्टरला भेटा. इम्प्लांट हाडात घट्ट बसते, तारेने ते जराही सरकत नाही. म्हणून बहुतेक वेळा आधी दात जागेवर आणतात आणि मग इम्प्लांट किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) करतात. हा क्रम उलटा झाला तर पैसेही वाया जातात आणि इलाजही अडतो.

तब्येतीची माहिती डॉक्टरपासून लपवू नका. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या बऱ्या होत नाहीत. हाडे ठिसूळ होण्यावर गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते मुद्दाम सांगायला हवे, कारण त्यांतली काही औषधे दात सरकण्याच्या क्रियेच्या आड येतात आणि दात काढल्यावर जखम भरणे लांबवतात. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांनी ही गोष्ट खास लक्षात ठेवावी. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही सांगा. खोट्या दागिन्यांनी कान खाजत असतील तर निकेलची ॲलर्जी असू शकते आणि नेहमीच्या तारांत निकेल असते. तंबाखू, सिगारेट, सुपारी ह्या सवयी असतील तर मोडायला ह्याहून योग्य वेळ मिळणार नाही.

कोणाकडे जायचे

बीडीएस झालेला प्रत्येक डॉक्टर दातांचा डॉक्टर असतो. वाकडे दात सरळ करण्यासाठी त्याच्यापुढे तीन वर्षांचे वेगळे एमडीएस असते, आणि ते केलेल्याला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. मोठ्या माणसाने त्याच्याकडेच जावे असे माझे ठाम मत आहे. मुलांच्या तोंडात वाढ मदतीला असते, आपल्या तोंडात चुकीला तेवढी जागा नसते. पाटीवर काय लिहिले आहे ते वाचा आणि पदवी कोणत्या विषयातली आहे ते विचारा. असे विचारल्याने चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

गोव्यात दोन वाटा आहेत. पहिली बांबोळीची. गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळ १९८० पासून चालू आहे, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) आवारालगत. तिथे सकाळच्या ओपीडीत केस पेपर काढायचा, आधी साधी तपासणी होते आणि मग ऑर्थोडॉन्टिक्स विभागाकडे पाठवतात. दंत महाविद्यालयांत बरेचसे काम पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. काम सावकाश आणि बारकाईने होते, प्रत्येक पायरी वरिष्ठ पाहतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी असतो. त्याबदल्यात वेळ जास्त द्यावा लागतो. नंबर लागेपर्यंत थांबावे लागते आणि भेटी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेत असतात. नोकरी करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: तुमचे काम करणारा विद्यार्थी शिक्षण पुरे करून मध्येच बाहेर पडला तर पुढे कोण पाहणार? केस पुढच्याकडे सोपवली जाते, पण ती नोंदींसह सोपवली जावी हे आपणही बघायचे. पणजीहून किंवा मडगावहून कदंबच्या बसने जाणार असाल आणि ती शटल, म्हणजे मध्ये न थांबता जाणारी असेल, तर ती बांबोळीला थांबते का हे चढण्याआधी विचारा.

दुसरी वाट खासगी दवाखान्याची. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथे पूर्णवेळ ऑर्थोडॉन्टिस्ट मिळतात. डिचोली, वाळपई, पेडणे, काणकोण अशा ठिकाणी मात्र अनेकदा दवाखाना एका डॉक्टरचा आणि ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक दिवशी बाहेरून येणारे, अशी व्यवस्था असते. त्यात गैर काही नाही. फक्त ते महिन्यातून किती वेळा येतात, मधल्या दिवसांत तार टोचली तर कोण बघणार आणि ते येणे बंद झाले तर पुढे काय, एवढे स्पष्ट करून घ्या. दोन वर्षे दर चार ते सहा आठवड्यांनी तिथे जायचे आहे. पणजीचा नामांकित डॉक्टर निवडून सत्तरी तालुक्यातून भर पावसात जाणे टाळू लागलात, तर घराजवळचा साधा पण नियमित भेटणारा ऑर्थोडॉन्टिस्ट तुमच्यासाठी जास्त चांगला. शक्य असेल तर दोघांचे मत घ्या आणि दोघांनी सांगितलेली योजना घरी शांतपणे ताडून पाहा.

पोस्टाने घरी येणारे अलायनर, म्हणजे स्वतःच ठसा घेऊन पाठवायचा आणि प्लास्टिकचे साचे कुरिअरने येणार, असला प्रकार मोठ्या माणसाने घेऊ नये. तिथे हिरडीची खोली कोण मोजणार? मुळे कुठल्या हाडात आहेत हे कोण पाहणार? ह्या धंद्यातली मोठी अमेरिकन कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक वाऱ्यावर राहिले.

नोंदी आणि योजना

पहिल्या भेटीनंतर डॉक्टर नोंदी मागतात. सगळे दात एका चित्रात दाखवणारा ओपीजी एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने काढलेला सेफॅलोग्राम एक्स-रे, दातांचे ठसे किंवा स्कॅन, आणि चेहऱ्याचे व दातांचे फोटो. सुळा हाडातच अडकून राहिला असेल तर थ्रीडी स्कॅनही लागतो. हा खर्च टाळायचा मोह होतो, पण ह्या नोंदींशिवाय लावलेली तार म्हणजे अंदाजाचे काम. सगळ्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवा. नोकरीनिमित्त मुंबईला किंवा आखातात जावे लागले, जे आपल्याकडे घरोघरी घडते, तर पुढच्या डॉक्टरला हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

योजना ऐकताना सर्वांत कठीण विषय येतो तो दात काढण्याचा. दाटी फार असेल किंवा पुढचे दात खूप बाहेर असतील तर जागा करावी लागते आणि त्यासाठी बहुधा सुळ्यामागच्या उपदाढा काढतात. दाटी थोडी असेल तर दातांच्या कडा अगदी किंचित, मिलिमीटरचा काही भाग घासूनही जागा होते. कधी हाडात छोटा स्क्रू बसवून त्याच्या आधाराने दात मागे घेतात. ऐकताना हे भयंकर वाटते, पण स्क्रू भूल देऊन बसतो आणि काम झाले की निघतो. डॉक्टरला विचारा की दात का काढायचा, न काढता केले तर ओठ आणि हिरड्या कशा दिसतील आणि काढला तर फट पूर्ण मिटेल का. निरोगी दात काढायला मन तयार नसेल तर दुसरे मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो वापरावा.

दोन धोके आधीच सांगणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो. एक, मुळांची टोके किंचित झिजू शकतात, म्हणून मध्येच एक्स-रे काढून पाहतात. दुसरा खास मोठ्यांच्या वाट्याचा आहे. आधी दाटीत असलेले दात सरळ झाले की त्यांच्यामध्ये हिरडीजवळ छोटे काळे त्रिकोण दिसू शकतात. तरुण हिरडी ती जागा भरते, आपली भरेलच असे नाही. उपाय असतात, पण ही गोष्ट आधी माहीत असली की नंतर आरशासमोर धक्का बसत नाही.

खर्च एकरकमी क्वचितच मागतात. सुरुवातीला एक भाग आणि मग भेटीगणिक हप्ते, अशी पद्धत असते. एकूण रकमेत तुटलेल्या पट्टीचे (दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा, त्यातून तार जाते), एक्स-रेचे आणि शेवटच्या रिटेनरचे (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा किंवा तार) पैसे धरले आहेत का, हे लिहून घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका, अपघात सोडला तर तो दातांच्या अशा उपचाराला बहुधा लागू होत नाही.

कोणत्या तारा

धातूच्या सर्वांत स्वस्त, मजबूत आणि कुठलीही केस हाताळू शकणाऱ्या. सिरॅमिकच्या पट्ट्या दाताच्या रंगाच्या असतात, लांबून दिसत नाहीत, पण जरा जाड आणि ठिसूळ असतात. सिरॅमिक दाताच्या आवरणापेक्षा कठीण असते, म्हणून वरचे दात खालच्यांवर खूप उतरत असतील तर खाली सिरॅमिक लावत नाहीत, नाहीतर वरचे दात झिजतात. आतल्या, जिभेच्या बाजूने लावायच्या तारा कोणालाच दिसत नाहीत, पण महाग असतात, जिभेला लागतात आणि सुरुवातीला उच्चार बदलतात. शिक्षक, निवेदक, भजनात गाणारे, सगळ्यांनी याचा विचार करावा.

अलायनर काढता-घालता येतात आणि दिसत नाहीत, म्हणून मोठ्यांना आवडतात. अट एकच, दिवसाचे २० ते २२ तास ते तोंडात हवेत. खाताना आणि पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे, मग चूळ भरून किंवा ब्रश करून परत घालायचे. कार्यालयात तासातासाला चहा घेणारा माणूस हे किती दिवस पाळेल? स्वतःला ओळखून निवडा. मी साध्या धातूच्या घेतल्या, कारण ज्या काढता येत नाहीत त्यांच्या बाबतीत रोज मनाशी भांडावे लागत नाही. तरी ऑर्थोडॉन्टिस्टच्या देखरेखीखालचे अलायनर शिस्तीच्या माणसाला उत्तम लागू पडतात.

बसवण्याचा दिवस आणि पहिला आठवडा

दाढांना कडी बसवायची असेल तर काही दिवस आधी दाढांच्या फटीत छोटे रबर घालतात. मांसाचा तुकडा अडकल्यासारखे वाटत राहते. काडीने कोरू नका. एखादे रबर निघून पडले तर डॉक्टरला कळवा.

बसवताना दुखत नाही. दात कोरडे करून त्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचे जेल काही सेकंद लावतात, त्याने पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो. मग गोंद लावून पट्टी ठेवतात आणि निळ्या प्रकाशाने गोंद घट्ट करतात. शेवटी पट्ट्यांतून तार ओवून छोट्या रबरांनी बांधतात. पहिली तार बारीक आणि लवचिक निकेल-टायटॅनियमची असते, ती वाकवली तरी मूळ आकाराकडे परत येऊ पाहते आणि त्याच ओढीने दात हलू लागतात. तास-दीड तास तोंड उघडे ठेवण्याचा कंटाळा तेवढा येतो.

दुखायला लागते ते काही तासांनी, आणि सर्वांत जास्त दुसऱ्या दिवशी. दातांवर दात टेकवले तरी कळ येते. आठवड्याभरात ते ओसरते. डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेनसारखी गोळी आपल्या मनाने रोज घेत राहू नका, कारण सूज कमी करणाऱ्या ह्या गोळ्या दात सरकण्याची क्रियाही मंद करू शकतात. गालाला आणि ओठाला आतून फोड येतील. त्यासाठी दवाखान्यातून मिळालेले मेण चिमटीत मळून, पट्टी कोरडी करून तिच्यावर दाबायचे. दिवसातून तीन-चार वेळा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. दुचाकी चालवणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: गाल दाबणारे पूर्ण तोंडाचे हेल्मेट पहिल्या दिवसांत फार लागते. हेल्मेट सोडायचे नाही, गालाकडच्या दातांवरील पट्ट्यांवर मेण लावून मग घालायचे.

दिवस ठरवताना पंचांग बघा. गणेश चवथीच्या आधल्या आठवड्यात, घरच्या लग्नाच्या किंवा गावच्या जत्रेच्या तोंडावर तारा बसवू नका. ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांना ओठ सरावायला काही आठवडे लागतात, त्यांनी कार्यक्रमांचा हंगाम टाळावा. फुटबॉल खेळणाऱ्यांनी तारांवर बसणारा माउथगार्ड डॉक्टरकडून मागून घ्यावा.

खाणे

गोव्यातल्या माणसाला सर्वांत मोठी धास्ती असते ती नुस्त्याची, म्हणजे मासळीची. निश्चिंत राहा. शीत (भात) आणि हुमण (माशाची आमटी) ह्यांच्याइतके तारांना सोयीचे जेवण कमी प्रांतांत असेल. पहिले तीन-चार दिवस पेज, मऊ शीत, सोलकढी, वरण, शिजून गळालेले खतखते (मिश्र भाज्यांची आमटी), केळे, पाण्यात किंवा दुधात भिजवलेली पोई (गव्हाचा पाव). नंतर मासा काटे काढून, सुंगटे (कोळंबी) सोलून, तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) मऊ भाग हाताने सोडवून. कुर्ल्या खायच्या तर नांग्या वरवंट्याने फोडून घ्या, दातांनी फोडायचे दिवस तूर्त संपले. पाव हाताने तोडून, दाढेखाली. उंड्याची (गोल पावाची) कडक बाजू आणि काकण (बांगडीसारखा कडक पाव) रस्सा-चहात बुडवून मऊ करा. कच्ची कैरी, पेरू, सफरचंद, गाजर पातळ चिरून. पावसातले कणीस खायचे असेल तर दाणे सुरीने सोडवून घ्या. घोटांचे (रायवळ आंब्यांचे) सासव जिवापाड आवडत असेल तरी बाठा चोखू नका, त्याचे तंतू पट्ट्यांत असे गुंततात की काढता काढता संध्याकाळ होते. गर पिळून घ्या.

पूर्ण बंद ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत: जत्रेतले कडक खाजे, चिक्की, भाजलेले चणे, अख्खे काजू, सुपारी, बर्फ चावणे, च्युइंगगम. कडक तळलेली नेवरी (करंजी) पुढच्या दातांनी चावू नका, तुकडा करून मागे ठेवा. पट्टी निघते ती बहुतेक अशाच एका चाव्याने, आणि प्रत्येक निघालेली पट्टी उपचार लांबवते. शीतपेये आणि गोड लिंबू सोडा दिवसभर घोट घोट पिण्याची सवय असेल तर ती घातक आहे, कारण साखर आणि आम्ल पट्टीभोवती साचून दात पांढुरके आणि पोकळ होऊ लागतात.

आणि हळद. सिरॅमिक घेणारे इथे फसतात. पट्टी पांढरी राहते, पण तार बांधणारे पारदर्शक रबर हळदीच्या कढीने एक-दोन जेवणांत पिवळे होते आणि पुढच्या भेटीपर्यंत पिवळेच राहते. रोज हुमण जेवणाऱ्याने राखाडी किंवा निळसर रबर मागावे, किंवा रबराऐवजी बारीक तारेने बांधता येईल का ते विचारावे. काही पट्ट्यांना स्वतःचे झाकण असते, त्यांना रबर लागतच नाही.

सफाई

प्रत्येक खाण्यानंतर चूळ, दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने सावकाश ब्रश. ब्रश आधी पट्टीच्या वरून तिरका, मग खालून तिरका, आणि हिरडीची कड कधीही सोडायची नाही. तारेखालून बाटलीच्या ब्रशासारखा छोटा ब्रश फिरवायचा, तो औषधांच्या दुकानात मिळतो. रात्रीच्या ब्रशला निदान दहा मिनिटे लागतात, ती ठेवायचीच. पट्ट्या निघाल्यावर त्यांच्याभोवती खडूसारखे पांढरे डाग राहतात ते ह्याच दहा मिनिटांच्या आळसाचे, आणि ते सहज जात नाहीत. शिवाय तारा असेपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी हिरड्यांच्या डॉक्टरकडून सफाई करून घ्या. ऑर्थोडॉन्टिस्ट दात हलवतो म्हणजे हिरड्याही सांभाळतो, असे गृहीत धरू नका.

महिन्याच्या फेऱ्या आणि मधल्या अडचणी

दर भेटीत तार बदलतात किंवा घट्ट करतात, हळूहळू जाड आणि ताठ तारांकडे जातात. त्यानंतर दोन दिवस थोडे दुखते. मध्यावर केव्हातरी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अडकवायची रबरे देतात. ती सांगितली तितके तास लावली नाहीत तर चाव जुळत नाही, आणि मग उपचार लांबल्याचा दोष डॉक्टरला देऊन उपयोग नसतो. प्रत्येक भेटीला आरशात दाखवून "ह्या महिन्यात काय सरकले?" हे विचारा. ऑर्थोडॉन्टिस्टला सांगायला आवडते आणि आपलाही धीर टिकतो.

तारेचे टोक गालात टोचू लागले तर मेण लावा आणि फोन करा. पट्टी दातावरून सुटून तारेवर लोंबत असेल तर ओढून काढू नका, तशीच घेऊन जा. डोक्याचा एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञाला तारांबद्दल आधी सांगा, चित्र बिघडू शकते. तोंडाला सूज आणि ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. एखादा तुकडा श्वासनलिकेत गेल्यासारखा ठसका लागून श्वास अडला तर सरळ १०८.

तारा निघाल्यावर

पट्ट्या काढायला अर्धा-पाऊण तास लागतो, गोंद घासून दात गुळगुळीत करतात आणि जीभ दिवसभर दातांवरून फिरत राहते. त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत रिटेनर घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. दात जागेवर आले तरी हिरडीतले तंतू जुन्या जागेकडे ओढत असतात, ते नव्या जागी स्थिरावायला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. शिवाय वयाबरोबर सगळ्यांचेच दात थोडे थोडे पुढे दाटीत येतात, तारा लावलेल्यांचेही. म्हणून पहिले काही महिने डॉक्टर सांगेल तितके तास आणि नंतर रोज रात्री, जोवर दात सरळ हवे आहेत तोवर. खालच्या पुढच्या दातांमागे बारीक तार चिकटवून घेण्याचा पर्याय मिळाला तर मोठ्यांनी तो घ्यावा असे मला वाटते, मात्र तिच्याखाली कीट साचते, तेव्हा सफाई चुकवता येणार नाही.

पारदर्शक रिटेनर गरम पाण्याने धुऊ नका, वाकडा होतो. थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. हॉटेलात जेवायला बसताना कागदात गुंडाळून ताटाजवळ ठेवलेला रिटेनर खरकट्याबरोबर जातो, म्हणून डबी खिशात हवीच. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा, लाळेच्या वासाने कुत्रे तो हमखास चावतात. काही रात्री राहून गेला आणि परत घालताना घट्ट वाटला तर तो दात सरकू लागल्याचा पहिला इशारा आहे. बसत असेल तर त्या दिवसापासून नियमाने घाला, बसतच नसेल तर जोर लावू नका आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जा. तुटला किंवा हरवला तरी तसेच. नवा रिटेनर काही दिवसांत होतो, पण दात पुन्हा वाकडे झाले तर पुन्हा तारा लागतात.